शॅमेलिऑनच्या पोटातले परजीवी

चि. मृण्मयी हिस,


शॅमेलिऑन आजार लपवतो, कारण रानात अशक्त दिसणारा सरडा शिकाऱ्याच्या तोंडी आधी पडतो. त्यामुळे त्याच्या शरीरात परजीवी, म्हणजे यजमानाच्या जिवावर पोसणारे जीव, माजले आहेत हे बहुधा उशिरा उमगते. दिवसाढवळ्या मिटलेले डोळे, खाणे चालू असूनही शेपटीच्या बुडाशी झडणारे मांस आणि पातळ, उग्र वासाची विष्ठा ही त्याची लक्षणे होत. विष्ठेबरोबर पडणारा पांढरा गोळा मात्र युरिक आम्लाचा, म्हणजे मूत्राचा घन भाग असतो. तो नारिंगी झाला तर जंतांपेक्षा पाणी कमी पडत असल्याचा संशय आधी घ्यावा.

मादागास्करच्या रानातून पकडून आणलेल्या पँथर शॅमेलिऑनच्या कातडीखाली फोलिएला नावाचा दोऱ्यासारखा कृमी कधी कधी वळवळताना दिसतो. त्याच्या सूक्ष्म अळ्या रक्तातून डासांवाटे पसरतात आणि मोठे कृमी पशुवैद्याला छेद घेऊन काढावे लागतात. तुझ्या न्यू जर्सीच्या घरात वाढणारा सरडा मात्र येमेनी जातीचा आणि पिंजऱ्यातच जन्मलेला असल्याने तेथे खरी धास्ती कॉक्सिडियाची, म्हणजे आतड्याच्या पेशींत वाढणाऱ्या एकपेशीय परजीवींची आहे. त्यांच्या जाड कवचाच्या पुटी विष्ठेतून बाहेर पडतात, ऊब व ओल मिळाली की संसर्गक्षम होतात आणि विष्ठेवरून फिरलेला एखादा रातकिडा सरड्याने गिळला की पुन्हा त्याच आतड्यात शिरतात. घरगुती ब्लीचला या पुटी दाद देत नाहीत. म्हणून पोनाझुरिलसारखे औषध चालू असतानाही विष्ठा रोज उचलली नाही, उरलेले किडे बाहेर काढले नाहीत, फांद्या व कुंड्या बदलल्या नाहीत आणि जाळीला कडकडीत वाफ दिली नाही, तर ते औषध फुकट जाते.

गोल जंतांवर फेनबेंडाझोल चालते. त्याची मात्रा सामान्यतः दर किलो वजनास 25 ते 50 मिलिग्रॅम, म्हणजे 120 ग्रॅमच्या सरड्याला अवघी 3 ते 6 मिलिग्रॅम असते. ही मात्रा अंदाजाने ओतली गेल्यास अस्थिमज्जेला, म्हणजे रक्तपेशी तयार होणाऱ्या हाडांतील गराला, इजा होऊ शकते. शिवाय सूक्ष्मदर्शकाखाली ऑक्सियुरिड नावाच्या बारीक गोल जंतांची थोडी अंडी दिसली, सरडा धष्टपुष्ट असला, तर उपचारांची घाई न करणेच शहाणपणाचे. तपासणीआधीचे औषध हा उपचार नव्हेच.

तेव्हा ताजी विष्ठा स्वच्छ डबीत भरून, फ्रीजरमध्ये न गोठवता नुसती थंड ठेवून, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पशुवैद्याकडे 24 तासांच्या आत पोहोचवावी, आणि दुकानातून आणलेली जंतांच्या औषधाची बाटली तोवर उघडू नये.