मुंबई–दुबई : पावणेदोन तास की बारा?

मैत्रिणींनो, लेकीचं नाहीतर सुनेचं बाळंतपण दुबईत, आणि त्यासाठी घरातलं वडीलधारं माणूस पहिल्यांदाच विमानात बसणार, हे आता आपल्याकडे घरोघरी चाललेलं असतं. धाकट्या बहिणीसाठी आईला घेऊन मीही जाऊन आले. तिकीट पाहून आई म्हणाली, "अगं, दहाला निघून पावणेबाराला दुबई? नाशिकहून मुंबई गाठायला याच्या दुप्पट वेळ लागतो!"

गंमत अशी, की तिकिटावर निघण्याची वेळ मुंबईची असते अन् पोचण्याची दुबईची. तिथलं घड्याळ आपल्या दीड तास मागे. म्हणजे प्रवास पावणेदोन नव्हे, सव्वातीन तासांचा. येताना उलट; तीन तासांचा प्रवास कागदावर साडेचार तासांचा दिसतो. हिवाळ्यात वर पश्चिमेकडून जोराचा वारा असतो, म्हणून जाताना जरा जास्त वेळ लागतो आणि परतताना तोच वारा विमानाला पुढे ढकलतो.

अंतर म्हणाल तर हवाई मार्गाने सुमारे १९०० किलोमीटर, कोलकात्याहून थोडंसंच लांब! पूर्वी लोक बोटीनं कराची, मस्कत अशी बंदरं घेत घेत दिवसच्या दिवस जायचे. त्या मार्गावरची 'द्वारका' बोट १९८२ मध्ये बंद झाली.

पण ही झाली आकाशातली वेळ. परदेशी विमानासाठी तीन तास आधी विमानतळावर हजर राहायचं. म्हणजे आम्ही नाशिकचं घर सोडलं रात्री अडीचला. कसारा घाट, मुंबईची गर्दी, रांगा, तपासणी. उतरल्यावर पुन्हा पासपोर्टची रांग, सामान, टॅक्सी. बहिणीच्या दारात पोचलो तेव्हा माझ्या मनगटावर दुपारचे अडीच वाजले होते. बारा तास!

आईला मधुमेह. खरी काळजी इथेच होती. तिथल्या घड्याळात एकच वाजलेला, त्यामुळे बहीण म्हणत होती, "जेवायला वेळ आहे अजून." पण आईच्या पोटाला दुबईची वेळ कशी कळणार? गोळी घेतलेली आणि जेवण लांबलेलं, की साखर उतरून गरगरायला लागतं. म्हणून एक घड्याळ मुंबईच्या वेळेवरच ठेवावं आणि दोन गोळ्यांमधले तास मोजावेत. इन्सुलिन असेल तर वेळा डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. औषधं, दशम्या, थोडी साखर हातातल्या पिशवीत हवी, मोठ्या बॅगेत नको. डॉक्टरांची चिठ्ठीही सोबत हवीच. खोकल्याच्या, वेदनेच्या आणि झोपेच्या काही औषधांना तिथे आधी परवानगी लागते.

आणि हो, डिंकाचे लाडू! आईनं डबा भरून करायला घेतले होते. पण अमिरातीत खसखशीला सक्त बंदी आहे बरं का. अफूच्या बोंडातलं बी ना ते! सामानात सापडली तर अटकेची पाळी येऊ शकते. तेव्हा लाडवात खारीक, बदाम, डिंक घाला, खसखस अजिबात नको. तिखट मसाल्यातही ती असते, तेही पाहून घ्या.

परतीचं तिकीट काढताना रात्रीचं विमान स्वस्त दिसतं. दुबईहून साडेदहाला निघालं की मुंबईत पहाटे तीन. पुढे नाशिकची गाडी शोधायची. म्हाताऱ्या माणसाला घेऊन येत असाल तर दोन पैसे जास्त गेले तरी दिवसाचंच विमान घ्या.