ठाऊक असलेल्या तारखेकडे

संकलनाच्या मेजावर ज्याची उमेद खर्ची पडली, त्याला कोणताही चित्रपट पाहताना कात्री कोठे चालली यापेक्षा ती कोठे आवरली गेली हेच आधी दिसते. आणि जयू व नचिकेत पटवर्धन या दांपत्याच्या, १९७९ सालच्या ‘२२ जून १८९७’ या चित्रपटाविषयी मला वाटणारा आदर मुख्यतः या आवरलेल्या कात्रीबद्दलचा आहे.

गुन्ह्याच्या चित्रपटाचे भांडवल म्हणजे प्रेक्षकाचे अज्ञान. येथे पुण्यात प्लेगचा बंदोबस्त पाहणारा रँडसाहेब मारला जाणार हे शाळकरी पोरालाही ठाऊक, आणि तारीख तर शीर्षकातच सांगून टाकलेली. तेव्हा प्लेगच्या बंदोबस्ताच्या सबबीवर घराघरांत शिरणारे गोरे सोजीर, चिंचवडच्या कीर्तनकाराचे ते कर्मठ, करारी आणि (हेही सांगितलेच पाहिजे) पुष्कळदा आततायी पुत्र चाफेकर बंधू, आणि राणीच्या हीरक महोत्सवाहून परतणाऱ्या गाड्यांची गणेशखिंडीच्या रस्त्यावर वाट पाहत काढलेली ती रात्र, यांच्यामधला काळ प्रेक्षकाकडून भोगवून घेणे एवढेच काम उरते. पस्तीस मिलिमीटरची फीत मिनिटाला ९० फूट धावते. प्रतीक्षेच्या प्रसंगातून २० फूट काढले, तर जेमतेम तेरा सेकंद वाचतात आणि निर्माता प्रसन्न होतो, पण त्या तुकड्याबरोबर प्रसंगातले भयही टोपलीत जाते.

आमच्या मिरजेच्या श्रोत्याला हे समजावून द्यावे लागत नाही. मीरासाहेबांच्या दर्ग्यात, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणाऱ्या मैफलीत, समेची जागा साऱ्यांनाच ठाऊक असते. उत्कंठा असते ती गवई तेथे कोणत्या वाटेने आणि किती धीराने पोहोचतो याची. तरीही संथपणाचे सरसकट स्तोम मला मान्य नाही. पुष्कळ संथ चित्रपट निव्वळ आळशी असतात.

हा विषय माझ्या हाती आला असता, तर मी आरंभ वाईत केला असता. पुण्यास येण्यापूर्वी रँड सातारा जिल्ह्यात असिस्टंट कलेक्टर होता, आणि वाईत वाद्ये वाजविण्यावरून उद्भवलेल्या प्रकरणात त्याने तेथील प्रतिष्ठित गृहस्थांना तुरुंग दाखविला होता. त्या अंमलदाराचा स्वभाव तेथेच कळतो.

मात्र संकलकाची खरी कसोटी बार उडाल्यानंतर लागते. रँडबरोबर गोळी लागलेला गोरा अधिकारी आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला; पुढे वीस हजारांचे इनाम, जबान्या, कबुलीजबाब, १८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यास दामोदरपंत चाफेकरांची फाशी, फेब्रुवारी १८९९ मध्ये खबर देणाऱ्या द्रविड बंधूंचा खून, आणि मे महिन्यात त्यांचे भाऊ वासुदेव व बाळकृष्ण आणि साथीदार महादेव रानडे यांच्या फाशा. क्षणाच्या कृत्यामागे सरकारी दप्तर असे दोन वर्षे चालत राहते. फाशीच्या प्रसंगांवर फीत खर्चण्याचा मोह अशा वेळी अनावर होतो. मी मात्र ती द्रविडांवर खर्चली असती, कारण चाफेकरांच्या ओळखीपाळखीतलीच ही माणसे इनामाच्या रकमेकडे पाहत जे दिवस काढीत होती, ते गणेशखिंडीतल्या रात्रीहून कमी लांब नसावेत.