पहाटेची बाटली

स्मरणिकेसाठी काही लिहा, असा शाळेचा निरोप आला, तेव्हा आम्हा दोघांनाही प्रथम आठवली ती एक लहानशी बाटली.

आमच्या मुलाला जन्मतःच एक मूत्रपिंड नाही. हजार-दोन हजार मुलांमागे एखादे असे जन्मते आणि असलेले मूत्रपिंड वाढून दोहोंचे काम करते, हे सोनोग्राफीच्या दिवशीच आम्हांस सांगण्यात आले. ‘एकावरही माणूस सुखाने जगतो,’ हे वाक्यही त्याच दिवसाचे. ते खोटे नव्हते, अपुरे होते. मूत्रपिंडातील सूक्ष्म गाळण्यांची संख्या जन्माच्या सुमारास ठरून जाते. पुढे एकही नवी तयार होत नाही. आहेत त्यांनीच जादा भार ओढायचा. पुष्कळ मुलांत त्या निभावून नेतात, काहींत वर्षानुवर्षांच्या ताणाने झिजतात. आणि झिजताना काही दुखत नाही, हीच खरी अडचण.

पाचवीत त्याला येथे ठेवताना घरात बराच वाद झाला. आम्हांपैकी एक एसटीत वाहक, दुसरी अंगणवाडीत. घरी ठेवून तरी चोवीस तास लक्ष कोण देणार होते? प्रवेशापूर्वी गावाकडे तपासणी करून घेतली. क्रिएटिनिन ०.८, कागदावरची छापील मर्यादा १.२. रक्तदाबही ठीक. ‘सर्व नॉर्मल’ असा शेरा घेऊन आम्ही निर्धास्त परतलो.

ती फाईल वसतिगृहाच्या गृहपाल सरांनी वाचली. मुलांच्या मूत्रपिंडतज्ज्ञांकडे एकदा दाखवाच, असा आग्रह त्यांनी धरला. आम्हांला तो थोडा अतिरेकच वाटला होता, हे येथे कबूल करतो.

तज्ज्ञ बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो उंचीचा. एकशे बत्तीस सेंटिमीटर. उंचीला ०.४१३ ने गुणून त्यांनी ०.८ ने भागले; उत्तर आले ६८. निरोगी मुलात ते नव्वदच्या वर असते. छापील मर्यादा मोठ्या माणसांची होती! मग रक्तदाब. मोठ्यांचा रुंद पट्टा मुलाच्या बारीक दंडावर आकडा कमी दाखवतो. लहान पट्ट्याने तो ११८ भरला. दहा वर्षांच्या आमच्या बुटक्या पोराला तो जास्तच.

त्यानंतर बाटली. दिवसभराच्या धावपळीने धडधाकट मुलाच्या लघवीतही कधी अल्ब्युमिन उतरते. म्हणून झोपेतून उठल्यावरची पहिलीच लघवी हवी. वसतिगृहात पहाटे साठ मुले एकदम जागी होतात. बाटली टॉवेलात दडवून नेताना तो रडवेला होई. सरांनी युक्ती काढली. बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून कार्यालयाच्या खिडकीत ठेवायची, पुढचे सारे ते पाहणार. सरांचेच काही औषध असावे, अशी मुलांची समजूत होती. सरांनी ती कधी दूर केली नाही.

एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे तीस मिलिग्रॅमपर्यंत अल्ब्युमिन चालते. त्याचे चौसष्ट आले. पुन्हा दोनदा तपासले, तरी तीसच्या वरच. लहान मात्रेत एक गोळी सुरू झाली. ती रक्तदाबाबरोबर गाळण्यांतला दाबही उतरवते. ताटातून लोणचे-पापड गेले. वेगळा स्वयंपाक नको, हे त्यानेच बजावले. तापात पॅरासिटॅमॉलखेरीज दुसरी वेदनाशामक गोळी द्यायची नाही आणि उलट्या-जुलाब होताच डॉक्टरांना कळवायचे, ही चिठ्ठी औषधपेटीच्या झाकणाला आतून चिकटवली गेली. धावण्या-खेळण्यावर बंदी नव्हती, त्यामुळे त्याला बाकीचे सारे सोपे गेले.

वर्षभराने अल्ब्युमिन तीसच्या खाली आले. ६८ चा आकडा मात्र फारसा हलला नाही. तो आधीच्या कोणत्या वर्षी घसरला, कोण सांगणार? पाचवीपर्यंत एकदाही पहाटेची लघवी तपासली गेली नव्हती, आणि ते विचारायचे असते हे आम्हांला ठाऊक नव्हते. तो आता अकरावीत आहे. तपासणीची तारीख आमच्याआधी त्याला आठवते.

गेल्या जूनमध्ये धाकटीच्या प्रवेशासाठी आलो. तिची दोन्ही मूत्रपिंडे शाबूत आहेत. तरीही सरांनी आधी तिची उंची घेतली, मग खणातून लहान पट्टा काढला. निळा रंग पार उडालेला. ‘हात सैल सोड बाळ,’ म्हणाले आणि चष्मा शोधू लागले.