मुद्दल कटले, दर उरला

आम्ही वसमतकडचे. वस्तीतल्या समाजमंदिरात संध्याकाळी नववी-दहावीच्या मुलांची अभ्यासिका चालते. कचेरीतले जमाखर्चाचे काम आटोपून मी तेथे गणिताला बसतो. अपूर्णांकावर घातांक चढले, की मुलांची वही मिटलीच. आईबाप दिवसभर हळदीच्या शिवारात. घरी विचारायचे कोणाला?

वास्तविक गोष्ट साधी आहे. क्षचा पाचवा घात म्हणजे पाच क्षंचा गुणाकार. अंशात पाच क्ष, छेदात दोन असतील तर दोनास दोन कटतात, वर तीन उरतात. उलट असेल तर तीन खाली उरतात. पुस्तक त्यालाच उणे तीन घात म्हणते. मुले फसतात ती अधिकच्या चिन्हापाशी. अंशात क्षचा घन अधिक क्षचा वर्ग, छेदात क्षचा वर्ग असे दिसले, की वर्गास वर्ग काटून घन लिहून मोकळी होतात. अहो, काटायचा तो गुणाकारातला अवयव, बेरजेतले पद नव्हे! आधी वर्ग सामाईक काढावा, मग काटावा; उत्तर क्ष अधिक एक. पटत नसेल तर क्षच्या जागी २ घालून पाहा. वर १२, खाली ४, उत्तर ३. घन धरला तर ८ येतात.

"काका, हे कुठं लागतंय?" असे नववीतल्या एका मुलीने विचारले होते. पुढे तिच्याच घरी लागले. वडिलांनी एका सावकाराकडून तोंडी बोलीवर, महिना शेकडा तीन दराने कर्ज काढले आणि मागोमाग ते वारले. मुद्दल किती, हे कोणासच ठाऊक नाही. आईच्या हाती दोन चिठ्ठ्या होत्या: दोन महिन्यांची बाकी ११,०२५ रुपये, चार महिन्यांची १२,१५५. मध्ये काही फेडलेले नव्हते.

मुलीने मुद्दलास म मानले, महिन्याच्या वाढीस व. अंशात म गुणिले वचा चौथा घात, छेदात म गुणिले वचा वर्ग. मला म कटला, वचा वर्ग उरला. भागाकार आला १.१०२५. त्याचे वर्गमूळ १.०५. म्हणजे दर तीन नव्हे, पाच. तोही व्याजावर व्याज! उलट भागून मुद्दलही सापडले, १०,०००. बोलीप्रमाणे चार महिन्यांचे सरळव्याज १,२०० होते, मागितले होते २,१५५.

बाई दोन जाणती माणसे घेऊन गेल्या. कागद मुलीने वाचून दाखवला. दीड तास हुज्जत झाली, पण हिशेब ११,२०० वर मिटला. परवान्याशिवाय सावकारी करणे २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमाने गुन्हा आहे आणि तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयात देता येते, हेही मी त्यांना सांगून ठेवले आहे.

त्या आठवड्यात आणखी तिघीजणी घरच्या चिठ्ठ्या घेऊन अभ्यासिकेत आल्या. दोघींचे हिशेब सुटले. तिसरीच्या चिठ्ठीवर महिनाच लिहिलेला नव्हता.