महास्फोट आणि आयत

कोल्हापुरात जन्मलेले डॉ. जयंत नारळीकर महास्फोट मानत नव्हते. विश्व अनादि आहे, असे ते मांडत. महास्फोटाची कल्पना मांडणारे लमेत्र मात्र ख्रिस्ती धर्मगुरू होते, तरी त्यांनी तिला धर्माचा पुरावा केले नाही. हाच वाद आपल्याकडे अकराव्या-बाराव्या शतकात झाला. जग अनादि म्हणणाऱ्या इब्न सीनांना इमाम गझालींनी खोडले, गझालींना इब्न रुश्द यांनी. तिघेही मुसलमान.

आज सोलापुरात मुले विचारतात, "सर, महास्फोट कुराणात आहे ना?" मोबाईलवर त्यांना तसा व्हिडिओ आलेला असतो. मी म्हणतो, 1965 साली जाहीर झालेल्या वैश्विक प्रारणाच्या शोधाने महास्फोटाची बाजू भक्कम झाली. त्याचा पुरावा तिथे शोधा. ईमान त्यावर टांगू नका. उद्या सिद्धांत बदलला, तर आयत बदलणार आहात का?