शेरबुर्गच्या गोदीतील पाणबुडी

फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर शेरबुर्ग नावाचे बंदर आहे. १९१२ सालच्या एप्रिलात 'टायटॅनिक' बोट उतारू घेण्यास येथे थांबली होती. त्याच बंदरातील जुन्या आगबोट-स्थानकाशेजारी, कोरड्या गोदीत, 'ल रदुताब्ल' ही पाणबुडी ठेविली आहे. तिच्या नावाचा अर्थ 'जिचे भय वाटावे अशी'. ती पाहावयास आम्ही गेलो.

अणुशक्तीवर चालणारी व अण्वस्त्रे वाहणारी फ्रान्सची ही पहिली पाणबुडी. लांबी १२८ मीटर. २९ मार्च १९६७ रोजी जनरल द गॉल यांच्या समक्ष तिचे जलावतरण झाले. १९७१ पासून १९९१ पर्यंत तिने सेवा केली. तिची अणुभट्टी काढून घेण्यात आली असून २००२ पासून ती लोकांस पाहण्यास खुली आहे.

अरुंद वाटेने आम्ही आत शिरलो. दोहों बाजूंस मिळून सोळा उभी नळकांडी; प्रत्येकात एकेक क्षेपणास्त्र असे, आणि त्याचा संहार हिरोशिमावरील बॉम्बच्या कित्येक पट होता. पलीकडेच स्वयंपाकघर व खलाशांचे बिछाने!

सुमारे १३५ माणसे दोन दोन महिने पाण्याखाली राहत. श्वासाची हवा समुद्राच्याच पाण्यापासून तयार होई. शत्रूस ठावठिकाणा लागू नये म्हणून पाणबुडीतून संदेश धाडीत नसत. घरची मंडळी चार ओळी पाठवू शकत. परंतु उत्तर मिळत नसे. दुःखाची वार्ता तर गस्त संपेपर्यंत सांगतच नसत. घरी पित्याचे दफन व्हावे, आणि खोल समुद्रात पुत्राने त्याच्या आरोग्यासाठी प्रार्थना करीत राहावे! गोव्यातील ज्या घरांतील पुरुष बोटीवर जातात, त्या घरांतील माताभगिनींस हे दुःख समजावून सांगावयास नको.

हे खलाशी क्रूर नव्हते. जनरल द गॉल हेही श्रद्धाळू कॅथलिक होते. १९४० साली परचक्राखाली गेलेला आपला देश पुन्हा तसा जाऊ नये, हीच त्यांची तळमळ. ती आम्हांस समजते. तथापि भल्या माणसांनी आपल्या घरादाराच्या रक्षणासाठी दुसऱ्यांची घरेदारे भस्म करण्याची सिद्धता ठेवावी, हे मनास पटेना. १९६५ साली व्हॅटिकन परिषदेने सबंध शहरांच्या संहाराचा निषेध केला व शस्त्रस्पर्धेचा भार गरिबांवर पडतो असे बजाविले. २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी हिरोशिमात, अशी अस्त्रे नुसती बाळगणेही अनीतीचे आहे, असे सांगितले.

या पाणबुडीने युद्धात एकही अस्त्र सोडले नाही, याबद्दल आम्ही परमेश्वराचे आभार मानले. पण तिच्या वारसदार चार पाणबुड्या आज फ्रान्सपाशी आहेत, आणि त्यांपैकी एक तरी सदैव समुद्रात असते. बाहेर येऊन आम्ही खिशातील जपमाळ काढिली. एक 'नमो मरिया' खोल पाण्यातील त्या मुलांसाठी म्हटली, आणि दुसरी त्या अनाम शहरांसाठी, जेथील मुले आज रात्री निश्चिंत झोपतील.