देव नेता आला, शेत नाही

बेळगावात स्थायिक होऊन मला चार दशके लोटली. तरी कुणी मूळ गाव विचारले की तोंडून चोडण हेच नाव येते. मांडवीच्या पात्रातले हे बेट. रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोटीत बसायचे आणि पलीकडे उतरायचे. आमचे कुलदैवत मात्र तेथे नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी देवळे पाडायला आरंभ केला, तेव्हा भक्तांनी श्रीदेवकीकृष्णाला बेटावरून मये येथे आणि पुढे माशेलला नेले. माशेलच्या देवळात देवकीजवळचा बाळकृष्ण दाखवून आजोबा म्हणत, ‘‘देव उचलून नेता आला, शेत नेता आले नाही. म्हणून आपल्या घरातले कुणीतरी परत आले.’’

ते शेत म्हणजे खाजन. भरतीच्या खाऱ्या पाण्याला मातीच्या बांधाने अडवून पूर्वजांनी मिळवलेली जमीन. बांधात ‘मानस’ असते. त्याची लाकडी दारे भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतले पाणी बाहेर सोडतात. पावसाळ्यात मातीतला खारटपणा धुऊन निघाला की खारे वारे आणि खारी माती सोसणारे कोरगुट भात पेरायचे. मानशीशी मासे आणि सुंगटे मिळत. बांधाबाहेर खारफुटी लाटांचा मार स्वतःवर घेई. खेकड्याने पाडलेले एक भोक दुर्लक्षिले तरी बांध खचतो आणि बांध खचला की एकाचे नव्हे, साऱ्यांचे शेत बुडते. म्हणून बांधाची राखण गावाने मिळून करायची, अशी रीत होती.

२००६ साली ‘प्रादेशिक आराखडा २०११’ जाहीर झाला आणि शेती व डोंगर बांधकामाला मोकळे होणार म्हणून गोवाभर संताप उसळला. त्याच सुमारास एक दलाल आमच्या घरी आला. नदीकाठी विश्रामगृहे उठवायची होती. आमचा तुकडा सामाईक. माझ्या सहीवाचून व्यवहार अडला होता. मी चुलतभावाला चारपानी पत्र धाडले. पूर्वजांचे श्रम, पक्षी, खारफुटी, सारे काही त्यात होते. बेटाच्या पश्चिम टोकाला १९८८ पासून १७८ हेक्टरांचे डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, हेही त्याला लिहून कळवले. जणू ते त्याला ठाऊक नव्हते!

त्याचे उत्तर चार ओळींचे होते. ‘‘दादा, पत्र वाचले. बांध फुटून सहा वर्षे झाली. शेतात खारे पाणी आहे. तू चतुर्थीला येतोस, त्यामुळे तुला ते दिसले नसेल. विकू नको म्हणतोस, तर बांध कोण बांधणार तेवढे कळव.’’

मला उत्तर सुचले नाही. सही मी केली नाही, एवढेच. गोवा बचाव अभियानाच्या लढ्यापुढे सरकारने नमते घेतले आणि २००७ साली तो आराखडा रद्द झाला. बेळगावात मी पेढे वाटले. पुढे चोडणला गेलो, तर आमच्या तुकड्यात गुडघाभर पाणी जसेच्या तसे होते.

त्या दिवशी एक गोष्ट उमगली. खाजनावर पहिला घाव बांधकामवाला घालत नाही. कसणारे दूर जातात, बांध खचतो, जमीन पडीक होते आणि मग कुणीतरी येऊन म्हणतो, ‘‘पडीकच तर आहे!’’ त्याचे ते वाक्य आम्हीच तयार करून ठेवलेले असते. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेने गोव्यातल्या खाजनांना विशेष संरक्षण दिले. २०२३ साली शेतजमीन बिगरशेतकऱ्याच्या हाती जाऊ नये म्हणून राज्याने कायदा केला. दोन्ही हवेतच. पण कायदा विक्री अडवील. खेकड्याचे भोक बुजवायला तो येणार नाही.

आम्ही भावांनी, शेजाऱ्यांनी मिळून बांध पुन्हा घातला. दोनदा तो खचला. आज निम्म्या तुकड्यात भात होते. उरलेला अजून खारा आहे. दरवर्षी माझ्या वाट्याचे पैसे मी पाठवतो आणि मे महिन्यात चार दिवस चिखलात उभा राहतो. त्यात परोपकार काही नाही. ते थकलेले देणे आहे.

आपल्यापैकी कित्येकांची अशी एखादी सही कुठेतरी अडकलेली असेल. ती न करणे हे पहिले पाऊल, हे खरे; मात्र मला तेच अखेरचे वाटले होते. यंदा चुलतभावाचा गुडघा साथ देत नाही. त्याने विचारले आहे, ‘‘तुझा मुलगा येईल का?’’ मुलाला मी अजून विचारलेले नाही. पाऊस लागण्यापूर्वी विचारायला हवे.